डॉक्टर स्क्रीनवर की समोर? आयर्लंडमधल्या मराठी घरांसाठी

‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’चा लेखक जोनाथन स्विफ्ट 1745 साली डब्लिनमध्ये वारला. आपली बहुतेक मिळकत, सुमारे 12 हजार पौंड, मनोरुग्णांच्या इस्पितळासाठी द्यावी असं त्याने मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं. 1746 साली सनद मिळाली आणि 1757 साली सेंट पॅट्रिक्स हॉस्पिटलचे दरवाजे उघडले. गिनेसच्या बिअर कारखान्याजवळ ते आजही चालू आहे. मार्च 2020 मध्ये कोविडची टाळेबंदी लागली, तेव्हा याच इस्पितळाने एक नवा वॉर्ड सुरू केला. त्यात खाटाच नव्हत्या. रुग्ण कागदोपत्री दाखल व्हायचा, पण राहायचा आपल्या घरी. डॉक्टर, नर्स, समुपदेशक त्याला व्हिडिओवर भेटायचे. टाळेबंदी उठली तरी ही ‘होमकेअर’ सेवा बंद झाली नाही.

अडीचशे वर्षं जुनं इस्पितळ असं करत असेल, तर ऑनलाइन मानसोपचार म्हणजे कुणा स्टार्टअपचा चाळा, असं म्हणून चालत नाही. पण मग डब्लिनला, कॉर्कला, लिमरिकला राहणाऱ्या मराठी माणसाने काय निवडायचं? इथला ऑनलाइन डॉक्टर, इथला समोर बसून बोलणारा डॉक्टर, की पुण्या-मुंबईतले आपले ओळखीचे डॉक्टर, जे व्हॉट्सअ‍ॅपवर एका मेसेजसरशी भेटतात? माझं मत आधीच सांगून टाकतो. स्क्रीन की खोली, हा दुसरा प्रश्न. तुमची फाइल नेमकी कुणाच्या हातात आहे, हा पहिला.

आयर्लंडची व्यवस्था समजून घेतल्याशिवाय या पहिल्या प्रश्नाला अर्थ येत नाही. आपल्याकडे मानसोपचारतज्ज्ञाच्या दवाखान्यात थेट जाता येतं. बाहेर बाकावर बसायचं, नंबर आला की आत. इथे वाट जीपीकडून जाते. जीपी म्हणजे आपला फॅमिली डॉक्टर, फक्त अधिकार जास्त. तो रेफरलची चिठ्ठी देतो आणि ती तुमच्या भागातल्या कम्युनिटी मेंटल हेल्थ टीमकडे जाते. ही टीम एचएसईची, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेची असते. कुठली टीम मिळणार ते तुमच्या पत्त्यावर ठरतं. ल्युकनहून सोर्ड्सला घर बदललं तर टीमही बदलते. तिथे फी लागत नाही. मात्र तातडीचं नसेल तर थांबावं लागतं, कधी आठवडे, कधी महिने. खासगी मानसोपचारतज्ज्ञाची पहिली भेट काही शे युरोंची पडते. त्यातले 20 टक्के वर्षअखेरीस करातून परत मागता येतात, पण खिशातून आधी जातातच.

या थांबण्यामुळेच ऑनलाइन सेवांचं फावलं. त्यात वाईट काही नाही. डोनेगल जिल्ह्यात आज रेल्वेच नाही. तिथल्या माणसाने अर्ध्या तासाच्या भेटीसाठी बसमध्ये दिवस घालवायचा आणि कामावर सुट्टी टाकायची, हा कुठला न्याय? शिवाय व्हिडिओवरचा मानसोपचार कालपरवाचा शोध नाही. अमेरिकेतल्या नेब्रास्का सायकिअ‍ॅट्रिक इन्स्टिट्यूटने 1959 सालीच दुतर्फा टीव्हीचा वापर सुरू केला होता आणि 1964 पासून शंभराहून अधिक मैलांवरच्या नॉरफोक इथल्या सरकारी इस्पितळाशी ती दृश्यजोडणी केली. 2007 साली कॅनडातल्या ऑन्टॅरिओमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. 495 रुग्णांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दोन गटांत वाटलं होतं: काहींना डॉक्टर व्हिडिओवर भेटले, काहींना प्रत्यक्ष. दोन्ही गटांना सारखाच गुण आला आणि व्हिडिओचा खर्च किमान 10 टक्के कमी पडला. नैराश्य, चिंता, झोपेच्या तक्रारी, घर बदलल्यावर किंवा नोकरी गेल्यावर येणारी घालमेल, अशा गोष्टींत व्हिडिओ मागे पडत नाही, हे पुढच्या अभ्यासांतूनही दिसत आलं आहे. ज्याला घराबाहेर पडायचीच धास्ती वाटते, त्याच्यासाठी तर पहिल्या काही भेटी स्क्रीनवरच सोप्या.

पण मानसोपचारतज्ज्ञ फक्त ऐकत नाही. तो बघतो, आणि त्याचं बघणं आपल्या लक्षातही येत नाही. दार उघडून रुग्ण खुर्चीपर्यंत कसा चालत आला, हात हलतायत की अंगाला चिकटलेत, बोटांना कंप आहे का, तोंडाला दारूचा वास येतो का, चपला दोन वेगवेगळ्या तर नाहीत ना, सोबत आलेली बहीण प्रत्येक उत्तर आधी देते आहे का. मनगट हातात धरून हलवलं की काही औषधांनी येणारा ताठरपणा कळतो. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यात यातलं काय येतं? छातीपासून वरचं शरीर आणि मागची भिंत. उलट, दवाखान्यात न दिसणारी एक गोष्ट तिथे दिसते, ती म्हणजे घर. न घासलेली भांडी, भर दुपारी ओढलेले पडदे, खोलीत अधूनमधून डोकावणारा कुणी. चांगला डॉक्टर तेही टिपतो. मात्र कॅमेऱ्याच्या बाहेर कोण उभं आहे, ते त्यालाही कळत नाही. नवऱ्याच्या धाकात असलेली बाई त्याच घरातून, त्याच्याच वायफायवर मोकळेपणाने बोलेल ही अपेक्षा चुकीची आहे. डब्लिनमधली घरांची टंचाई तर जगजाहीर. एका घरात पाच-सहा जण, भिंती पातळ. त्यामुळे कित्येक जण पार्क केलेल्या गाडीत बसून समुपदेशकाशी बोलतात. हा उपाय मला अजिबात हास्यास्पद वाटत नाही. तसं बोलायचं असेल तर सुरुवातीलाच डॉक्टरला आपण कुठे आहोत ते सांगावं, नेमका पत्ताही सांगावा. बोलता बोलता काही बिघडलं तर मदत कुठे पाठवायची, ते त्याला माहीत हवं.

आता औषधांकडे येऊ, कारण खरी गुंतागुंत तिथे आहे. लिथियम घेणाऱ्याच्या रक्तातलं लिथियमचं प्रमाण, मूत्रपिंड आणि थायरॉइड नियमित तपासावं लागतं. उपयोगी पडणारी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर फार थोडं असतं. क्लोझापिन सुरू केलं तर पहिले 18 आठवडे दर आठवड्याला रक्त द्यावं लागतं, कारण क्वचित पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घसरतात. ओलान्झापिनने वजन आणि साखर वाढते. हे सगळं मोजायला सुई लागते, वजनकाटा लागतो, दंडाला पट्टा बांधणारा माणूस लागतो. ऑनलाइन डॉक्टर हे जीपीकडून करून घेऊ शकतो, पण जीपीने ते मान्य केलं असेल तर. इथे बरेच लोक फसतात. खासगी ऑनलाइन क्लिनिकमध्ये पैसे भरून निदान करून घेतात, क्लिनिक एक पत्र देतं, ‘पुढचं तुमच्या जीपीने पाहावं’, आणि जीपी नम्रपणे नाही म्हणतो. तसं म्हणायचा त्याला हक्क आहे. ज्या औषधाची जबाबदारी त्याने मागितलेली नाही, त्याच्या चिठ्ठीवर सही त्याचीच असते.

एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलपणा, याच्या बाबतीत हे विशेषच घडतं. प्रौढांसाठीचा एचएसईचा एडीएचडी कार्यक्रम 2021 साली सुरू झाला. मागणी इतकी की रांगा लांबतच गेल्या, आणि लोक खासगीकडे वळले. ब्रिटनमध्ये मे 2023 मध्ये बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ने एक प्रयोग दाखवला. त्यांच्या वार्ताहराला तीन खासगी क्लिनिकांनी ऑनलाइन तपासून एडीएचडी असल्याचं सांगितलं. सरकारी सेवेतल्या तज्ज्ञाने त्यालाच समोर बसवून तीन तासांहून जास्त वेळ तपासलं आणि सांगितलं, नाही. त्या कार्यक्रमावर टीकाही पुष्कळ झाली, आणि ती अगदीच अनाठायी नव्हती, कारण खरोखर त्रास असलेल्या माणसांकडेही लोक संशयाने पाहू लागले. पण मला त्यातला एकच आकडा लक्षात ठेवावासा वाटतो: तीन तास. निदानाला वेळ लागतो, बालपणाची माहिती लागते, जमल्यास आईवडिलांशी बोलावं लागतं. तेवढा वेळ देणारा डॉक्टर व्हिडिओवर असला तरी चालेल. अर्ध्या तासात निदान आणि उत्तेजक गोळ्यांची चिठ्ठी दोन्ही हातात ठेवणारा समोर बसलेला असला तरी नको. अमेरिकेत ‘डन’ नावाच्या ऑनलाइन कंपनीच्या संस्थापिकेला जून 2024 मध्ये याच स्वरूपाच्या आरोपांवरून अटक झाली होती.

एवढं वाचून कुणाला वाटेल, की मग समोरासमोरच बरं. त्यांनी दक्षिण केरीचं प्रकरण वाचावं. तिथल्या सरकारी बालमानसोपचार सेवेत, जिला इथे ‘कॅम्स’ म्हणतात, वरिष्ठ तज्ज्ञाची जागा 2016 पासून कायमची भरलेली नव्हती. डॉ. शॉन मॅस्की यांच्या चौकशी समितीने तेराशेहून जास्त फाइली तपासल्या आणि जानेवारी 2022 मध्ये अहवाल आला. 240 मुलांना मिळायला हवी तशी सेवा मिळाली नव्हती. 46 मुलांना गंभीर हानी पोचली होती. मुलं औषधांनी पेंगत होती, वजनं वाढत होती, रक्तदाब चढत होता, आणि ते नीट तपासलं जात नव्हतं. ही सगळी मुलं दवाखान्यात जात होती, खुर्चीत बसत होती. चुकत होती ती देखरेख: कनिष्ठ डॉक्टरच्या निदानावर आणि औषधांवर वरिष्ठाची नजर नव्हती.

सरकारी टीममध्ये आणखी एक अडचण प्रत्येकाला कधी ना कधी भेटते. कनिष्ठ डॉक्टर दर सहा महिन्यांनी, जानेवारीत आणि जुलैत, बदलतात. एका डॉक्टरला आपली सगळी कर्मकहाणी सांगून होते न होते तोच पुढच्या वेळी नवा चेहरा, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. अशा वेळी दर महिन्याला व्हिडिओवर भेटणारा एकच तज्ज्ञ जास्त जवळचा वाटतो, आणि तो असतोही.

आता पुण्याच्या डॉक्टरांबद्दल. मराठी घरांत चर्चा शेवटी तिथेच येते, म्हणून जरा सविस्तर.

समजा, ल्युकनमध्ये एक बाळंतीण आहे. आई तीन महिन्यांसाठी आली होती, परत गेली. बाळ रात्री झोपत नाही, नवरा ऑफिसला, बाहेर चार वाजताच अंधार. तिला रडू येतं आणि का ते कळत नाही. ती फोनवर सासूबाईंना सांगते. त्या म्हणतात, ‘अगं, आपले डॉक्टर आहेत ना, मी बोलते त्यांच्याशी.’ डॉक्टर भले गृहस्थ. ते व्हिडिओवर वीस मिनिटं बोलतात, एक गोळी लिहून देतात, आणि ती पुढच्या महिन्यात येणाऱ्या कुणा नातेवाइकाच्या बॅगेतून पोचते.

यात कुणाचाच हेतू वाईट नाही. तरी अडचणी बघा. भारताची टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वं 25 मार्च 2020 रोजी आली. भारताबाहेरच्या रुग्णांना दिलेला सल्ला त्यांच्या कक्षेतून स्पष्टपणे वगळलेला आहे. म्हणजे काही चुकलं तर त्या डॉक्टरांच्या मागे त्या तत्त्वांचा आधार नाही, आणि तुमच्या मागे तक्रारीची जागा नाही. भारतातल्या डॉक्टरची चिठ्ठी आयर्लंडच्या फार्मसीत चालत नाही. चिठ्ठीवर मिळणारी औषधं टपालाने मागवणं इथे बेकायदा आहे. पार्सल कस्टम्समध्ये अडकतं. आणि ती गोळी कुठली, हा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. आपल्याकडे एस्सिटॅलोप्रॅम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत सर्रास मिळतात. आयर्लंडमध्ये अशी जोडगोळी विकली जात नाही. क्लोनाझेपाम हे बेन्झोडायझेपिन; त्याची सवय लागते, आणि गोळ्या संपल्या म्हणून ते एकदम थांबवलं तर झोप उडते, घाबरायला होतं, क्वचित फिटही येते. माणसाला वाटतं आजार परत आला. खरं तर डबी रिकामी झालेली असते.

म्हणून भारतातून औषधं चालू असताना इथे येणाऱ्याने पाकिटावरचं कंपनीचं नाव बाजूला ठेवून मूळ औषधाचं नाव आणि मात्रा लिहून आणावी. तिथलं नेक्सिटो इथे लेक्साप्रो होतं, दोन्हींत एस्सिटॅलोप्रॅमच. डॉक्टरांकडून इंग्रजीत छापलेलं पत्र आणावं: निदान काय, औषध कधीपासून, आधी काय दिलं होतं, काय लागू पडलं नाही. इथल्या जीपीला एवढा कागद मिळाला तर तो बहुतेक वेळा औषध चालू ठेवतो, आणि चिठ्ठी हेल्थमेल या सुरक्षित ईमेलने थेट तुमच्या फार्मसीत पाठवतो. ड्रग्ज पेमेंट स्कीममध्ये नाव घातलं असेल तर एका कुटुंबाला महिन्याला औषधांसाठी 80 युरोंपेक्षा जास्त द्यावे लागत नाहीत.

पुण्याशी संबंध तोडा, असं मात्र मी म्हणणार नाही. बोलण्याचे उपचार ही वेगळी गोष्ट आहे. सासरच्या माणसांबद्दल, बाळंतपणाबद्दल, बापाशी अबोला धरल्याबद्दल मराठीत बोलता येणं ही मोठी सोय, आणि आयर्लंडमध्ये मराठी बोलणारा मानसशास्त्रज्ञ सहज मिळत नाही. भारतातल्या अनुभवी समुपदेशकाशी आठवड्यातून एकदा बोलावं, पण इथल्या जीपीला ते माहीत असावं आणि औषध इथूनच यावं. वेळेचाही हिशोब करा. उन्हाळ्यात आपण भारताच्या साडेचार तास मागे असतो, हिवाळ्यात साडेपाच. डब्लिनमध्ये जूनच्या रात्री नऊ वाजता जीव घाबरा झाला, तर पुण्यात दीड वाजलेला असतो. भाषेच्या अडचणीवर इथेही काही वाटा निघाल्या आहेत. पोलंडहून आलेले मानसशास्त्रज्ञ क्रिस्टियन फिकर्ट यांनी 2006 साली ‘मायमाइंड’ ही ना-नफा संस्था काढली. तिथे वेगवेगळ्या भाषांत, समोरासमोर आणि ऑनलाइन, समुपदेशन मिळतं. सौम्य नैराश्य किंवा चिंतेसाठी डब्लिनमध्येच जन्मलेला ‘सिल्व्हरक्लाउड’ हा ऑनलाइन कार्यक्रम जीपी किंवा एचएसईच्या सेवेमार्फत मोफत मिळू शकतो.

त्या बाळंतिणीने काय करावं? जीपी किंवा पब्लिक हेल्थ नर्सला सांगावं. रोटंडा, कूम, होलिस स्ट्रीट या डब्लिनच्या प्रसूती रुग्णालयांत बाळंतपणाशी संबंधित मानसिक आजारांच्या खास टीम आहेत. आणि तिला नुसतं रडू न येता भलतेसलते आवाज ऐकू येत असतील, दोन-तीन रात्री झोप नसूनही ती उत्साहात असेल, बाळाबद्दल विचित्र काही बोलत असेल, तर व्हिडिओची वाट बघू नये. तिला त्याच दिवशी घेऊन जावं. आत्महत्येचा विचार पक्का झालेला असो, भास-भ्रम असोत, खाणं-पिणं सुटलेलं असो, की रोज पिणाऱ्याने दारू एकदम सोडल्यावर अंग थरथरत असो, या वेळी स्क्रीन कामाची नाही. रात्री-अपरात्री जीपीची पर्यायी सेवा असते, कॉर्क-केरीत साउथडॉक, गॉलवेकडे वेस्टडॉक. नाहीतर इस्पितळाचा इमर्जन्सी विभाग. जीपीची चिठ्ठी घेऊन गेलात तर तिथे पैसे पडत नाहीत, चिठ्ठीशिवाय 100 युरो. त्या 100 युरोंसाठी कुणी थांबू नये.

कुठल्याही ऑनलाइन सेवेला कार्डाचा नंबर देण्याआधी डॉक्टरचं नाव मागा आणि ते आयर्लंडच्या मेडिकल कौन्सिलच्या नोंदवहीत शोधा. ती नोंदवही इंटरनेटवर सर्वांना खुली आहे. तज्ज्ञांच्या विभागात ‘सायकिअ‍ॅट्री’ लिहिलेलं दिसलं पाहिजे. नाव सांगायला काचकूच करणारी सेवा सोडून द्या. पुढच्या वेळी हाच डॉक्टर भेटेल का, रक्ततपासणी कोण करणार, माझ्या जीपीला पत्र जाणार का, मधल्या दिवसांत बिघडलं तर फोन कुणाला, हे सरळ विचारा. या प्रश्नांना धड उत्तरं देणारा डॉक्टर स्क्रीनवर असो वा खोलीत, तो निवडावा. समुपदेशकाच्या बाबतीत आयएसीपी किंवा पीएसआय या व्यावसायिक संघटनांचं सदस्यत्व पाहावं.

एक भीती कुणी उघड बोलत नाही: नोंद झाली तर व्हिसाचं काय, नोकरीचं काय? जीपीची फाइल गोपनीय असते, ती कंपनीच्या एचआरकडे जात नाही. इथल्या समान रोजगार कायद्यात मानसिक आजारही अपंगत्वाच्या व्याख्येत येतो, त्यामुळे त्यावरून भेदभाव करता येत नाही. भीतीची मुळं जुनी आहेत, आणि ती आपलीच आहेत असंही नाही. पुण्यात जसं ‘येरवड्याला पाठवा’ म्हणत, तसं डब्लिनमध्ये ग्रेंजगोर्मनच्या मनोरुग्णालयाचं नाव घेत. 1950च्या दशकात, तीस लाखांहूनही कमी वस्तीच्या या देशात वीस हजारांवर माणसं मनोरुग्णालयांत होती. लोकसंख्येच्या मानाने जगात सर्वांत जास्त. ग्रेंजगोर्मनच्या त्याच आवारात आज टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटी डब्लिन आहे, आणि आपली मुलं मास्टर्स करायला तिथे हौसेने जातात.

वाचणाऱ्यांना एकच विनंती. सगळं ठीक असताना, या आठवड्यातच, घराजवळच्या जीपीकडे कुटुंबाची नावं नोंदवून टाका. बऱ्याच जीपींची यादी भरलेली असते. दोन-चार ठिकाणी फोन करावे लागतील. आणि फोनमध्ये हे नंबर साठवा: समॅरिटन्स 116 123, रात्रंदिवस, मोफत, बोलवत नसेल तर 50808 वर ‘हॅलो’ असा मेसेज, एचएसईची मानसिक आरोग्य माहितीसेवा 1800 111 888, जिवाला धोका असेल तर 112 किंवा 999. भारतातल्या घरच्यांसाठी टेलि-मानसचा नंबर 14416. ही सेवा ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे आणि तिच्यावर मराठीतही बोलता येतं.